केसपेपरवरची पहिली ओळ: ‘ठाण्याला पाठवा’पासून व्हिडिओ कॉलपर्यंत

१/२२
आपल्याकडे काही गावांची नावे थट्टेसाठी राखून ठेवलेली आहेत. मुंबईत कोणी विसंगत बोलू लागला की म्हणतात, ‘ह्याला ठाण्याला पाठवा.’ पुण्यात तेच येरवड्याच्या नावाने म्हणतात, कोकणात रत्नागिरीच्या. या धाग्यात नेहमीप्रमाणे किल्ला, ताम्रपट किंवा मोडी कागद नाही. यात एक जुनी भीती आहे आणि त्या भीतीपायी मी स्वतः वाया घालवलेल्या सात महिन्यांचा हिशेब आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे ज्यांना प्रथमच जायचे आहे, किंवा जायला हवे हे कळूनही ज्यांचा पाय उचलत नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

२/२२
२०१९ च्या पावसाळ्यात मी पुण्यात इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. पहाटे तीनला जाग येई आणि मग झोप लागत नसे. जे मोडी पत्र एरवी तासाभरात वाचून झाले असते, त्याच्या दुसऱ्या ओळीवर मी दिवसभर अडकून बसे. जेवणाची चव गेली. आपण सर्वांवर ओझे आहोत, हा विचार सकाळी उठताच शेजारी येऊन बसलेला असे. एका मैत्रिणीने सुचवले, ‘मनोविकारतज्ज्ञाला दाखव.’ मी तिला तोडून उत्तर दिले, ‘मी वेडा नाही.’ त्यानंतर सात महिने मी कोणाशीच या विषयावर बोललो नाही.

३/२२
माझ्या त्या उत्तरामागे एक कागद होता. आजोबांच्या ट्रंकेत, जमिनीच्या दस्तांखाली, शाळकरी वयात तो माझ्या हाती लागला होता. सन १९५१. आजोबांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याआजीला, मनोरुग्णालयात ठेवण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडे केलेल्या अर्जाची ती प्रत होती. अर्जदार म्हणून खाली आजोबांची सही. ती सही मला चांगली ओळखीची होती. माझ्या प्रगतिपुस्तकावर तीच असे. आत्याआजी घरी परत आली नाही. आमच्या वंशावळीत तिचे नावच नाही. वंशावळ आजोबांनीच लिहिली होती.

४/२२
हा कागद कोणत्या व्यवस्थेतून आला, ते आधी पाहू. १८५८ साली, कंपनीची सत्ता जाऊन राणीचे राज्य आले त्याच वर्षी, हिंदुस्थानात वेडसरपणाविषयी तीन कायदे झाले. त्यांच्या जागी पुढे १९१२ चा ‘इंडियन लूनसी ॲक्ट’ आला. त्याची रीत अशी: नातेवाइकाने न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे आणि न्यायदंडाधिकाऱ्याने दाखल करून घेण्याचा हुकूम द्यायचा. रस्त्यावर भटकणाऱ्या माणसाला पोलीसही हजर करू शकत. स्वेच्छेने दाखल होण्याची सोय कायद्यात होती. पण नेहमीचा रस्ता कचेरीतूनच जाई. विशेष म्हणजे हा १९१२ चा कायदा स्वतंत्र भारतातही १९९३ पर्यंत चालू राहिला.

५/२२
आत्याआजीच्या दाखल्यात दोन भाग होते. वेडाची जी लक्षणे डॉक्टरने स्वतः पाहिली, ती पहिल्यात. जी इतरांनी सांगितली, ती दुसऱ्यात. पहिल्या भागात दीड ओळ होती. दुसरा भाग काठोकाठ भरलेला: रात्री उठून बसते, स्वयंपाक करत नाही, विचारले तर उत्तर देत नाही. तिला स्वतःला काय होते आहे, हे तिने कसे सांगितले, यासाठी कागदावर जागाच नव्हती. शाळकरी वयात मला हे उमगले नव्हते. फक्त एवढेच मनात रुतले, की रात्री उठून बसणाऱ्या माणसाला घरचे लोक पाठवून देतात. आणि २०१९ मध्ये रात्री उठून मी बसत होतो.

६/२२
त्या इमारतींविषयी थोडे. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. येरवड्याचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे. मुंबईत त्याआधी कुलाब्याला वेड्यांचे इस्पितळ होते. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ‘असायलम’ हे नाव सरकारी कागदांतून जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आले. भिंती मात्र त्याच राहिल्या. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाच्या वेळी अखंड हिंदुस्थानच्या सुमारे ४० कोटी लोकसंख्येसाठी मनोरुग्णालयांत जेमतेम १०,००० खाटा होत्या. म्हणजे ज्या भीतीत आपण वाढलो, ती प्रत्यक्षात फार थोड्यांच्या वाट्याला आली. उरलेल्या लाखोंच्या वाट्याला ना इस्पितळ आले, ना उपचार.

७/२२
आता या कथेतला दुसरा दरवाजा. १ मे १९३३ रोजी कलकत्त्याच्या कारमायकल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर रुग्णालयात, गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविकारांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडला. सर्वसाधारण रुग्णालयातला हा देशातला पहिला मानला जातो. बोस हे सिग्मंड फ्रॉइडशी पत्रव्यवहार असलेले मनोविश्लेषक. १९२२ साली त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली होती. त्यांच्या विभागात यायला न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागत नसे. ताप आलेला माणूस ज्या फाटकातून येई, त्याच फाटकातून हाही येई आणि तपासून झाले की त्याच फाटकातून घरी जाई.

८/२२
देशातला असा दुसरा विभाग आपल्या मुंबईत सुरू झाला: १९३८ साली, जे. जे. रुग्णालयात, डॉ. के. के. मसानी यांच्या हातून. म्हणजे आत्याआजीचा अर्ज टंकित झाला तेव्हा मुंबईत हा दरवाजा तेरा वर्षे उघडा होता. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात ती वार्ता पोहोचली नाही, एवढेच. इतिहासात संस्था निर्माण होण्याची तारीख एक असते आणि ती सामान्य माणसाच्या कल्पनेत शिरण्याची तारीख दुसरी. ‘ठाण्याला पाठवा’ हा वाक्प्रचार आजही चलनात आहे, ‘जे. जे.च्या ओपीडीत दाखव’ असा वाक्प्रचार कधी झालाच नाही.

९/२२
बाह्यरुग्ण विभाग उघडला तरी पहिली वीस वर्षे डॉक्टरांच्या हाती फारसे औषध नव्हते. ते आले १९५० च्या दशकात. १९५२ साली पॅरिसमध्ये जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांवर वापरले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात नैराश्यावरचे इमिप्रामिन आले. या कथेत एक धागा आपलाही आहे. सर्पगंधेच्या मुळीचा वेडावर उपयोग होतो, असे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिले होते. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरील परिणाम जगापुढे मांडला. तिच्यातून निघालेले रिसर्पिन १९५० च्या दशकात अमेरिकी मनोरुग्णालयांत वापरले गेले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि ते मागे पडले.

१०/२२
औषध घेऊन घरी राहता येते, हे दिसल्यावर इस्पितळाचा अर्थच पालटला. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी त्याच दशकात रुग्णांच्या कुटुंबीयांना इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले. नातेवाईक शुश्रूषेत सामील झाले, आजार समजून घेऊ लागले आणि रुग्णाला घेऊन घरी परतू लागले. माझे आजोबा दुष्ट नव्हते. बहिणीच्या आजाराचे नावसुद्धा त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांना असा एखादा तंबू मिळाला असता, तर ट्रंकेतला कागद कदाचित दुसऱ्या कोणत्या रंगाचा असता. हे अनुमान आहे, इतिहास नव्हे, याची मला जाणीव आहे.

११/२२
जानेवारी २०२० मध्ये मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मनोविकार विभागात गेलो. भिंत नव्हती, कुलूप नव्हते. खिडकीवर केसपेपर काढला. शेजारच्या रांगेत त्वचारोगाचे रुग्ण होते. बाकावर एक आजी नातवाला डब्यातली पोळी भरवत होत्या, एक रिक्षाचालक मोबाइलवर क्रिकेट पाहत होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे: सार्वजनिक रुग्णालयात सकाळ जाते, म्हणून वेळ काढून जा. आधीचे कागद, चालू असलेल्या सर्व औषधांची नावे (आयुर्वेदिक, होमिओपॅथीसह) आणि लक्षणे कधी सुरू झाली याची चार ओळींची टिपणी सोबत न्या. तिथे पोहोचल्यावर हटकून सगळे विसरायला होते.

१२/२२
आधी एका तरुण निवासी डॉक्टरांनी बोलावले. मी कागद पुढे केले. ते त्यांनी बाजूला ठेवले आणि विचारले, ‘काय त्रास होतोय, तुमच्या शब्दांत सांगा.’ मी म्हणालो, ‘वाचता येत नाही.’ केसपेपरवर पहिली ओळ त्यांनी तीच लिहिली, जशीच्या तशी. या शास्त्रात रीतच अशी आहे, की मुख्य तक्रार रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत नोंदवायची. त्या क्षणी मला १९५१ च्या दाखल्यातले ते दोन भाग आठवले. जी जागा तिथे नव्हती, ती इथे पहिल्या ओळीलाच होती. या धाग्यात मला सांगायचे आहे ते मुख्यतः हेच.

१३/२२
मग सुमारे पाऊण तास प्रश्न. झोप, भूक, वजन, व्यसन, घरात पूर्वी कोणाला असा आजार, जगणे नकोसे वाटते का. ‘आज तारीख काय?’ असेही विचारले. इतिहासाच्या विद्यार्थ्याचा अहंकार दुखावला. शकात सांगू की इसवी सनात, असे ओठांवर आले होते. पण हा अपमान नसतो. वेळ, स्थळ, स्मृती, विचारांचा ओघ यांची ती ठरीव तपासणी असते आणि ती सर्वांचीच होते. सोबत थायरॉइड, बी-१२ अशा रक्ततपासण्या सांगितल्या जाऊ शकतात, कारण शरीरातल्या काही विकारांची लक्षणे नैराश्यासारखीच दिसतात. नंतर वरिष्ठ डॉक्टरांनी पाहिले. निदान पहिल्याच दिवशी पक्के होईल असे नाही. आमच्या साधनांतही एका कागदावरून निष्कर्ष काढत नाहीत.

१४/२२
कोण कोण असते? मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर डॉक्टर. औषध तेच लिहितात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि मानसोपचार करतात, म्हणजे बोलण्यातून चालणारी पद्धतशीर चिकित्सा. समुपदेशक अडचणीच्या प्रसंगी आधार देतात, वाट शोधायला मदत करतात. त्यांचे प्रशिक्षण कमी-अधिक असते, म्हणून ते विचारून घ्यावे. मनोविकार-सामाजिक कार्यकर्ते घर, नोकरी, शासकीय योजना यांची बाजू पाहतात. ‘तुमचे प्रशिक्षण काय, नोंदणी कुठे?’ असे विचारणे उद्धटपणाचे नाही. आपण बखरीच्या लेखकाचीही विश्वासार्हता तपासतो, मग ज्याच्यापुढे मन उघडायचे त्याची का नाही?

१५/२२
मला नैराश्यावरची गोळी मिळाली. पुढचे चार मुद्दे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. एक, परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण उतार पडायला त्याहून अधिक. पहिल्या दिवसांत मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. दोन, पंचविशीच्या आतील काहींत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तसे झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच कळवायचे. तीन, बरे वाटले तरी गोळी काही महिने चालू ठेवावी लागते आणि थांबवायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने. चार, या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र लागू शकते. त्यांतली कोणती तुमच्या कागदावर आहे, हे विचारून घ्या.

१६/२२
मार्चमध्ये महाविद्यालय बंद झाले, मी गावी परतलो आणि टाळेबंदी लागली. नेमक्या २५ मार्च २०२० या दिवशी केंद्र सरकारची दूरवैद्यकसेवेची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. कल्पना मात्र जुनी होती. अमेरिकेतल्या नेब्रास्कात १९५९ साली दुहेरी टीव्ही यंत्रणेवरून मनोविकारांचे काम सुरू झाले होते. आपल्याकडे चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेने २०१० पासून तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात एक बस फिरवली. बसमध्ये पडद्यावर डॉक्टर आणि त्याच बसमध्ये औषधांचे कपाट. टाळेबंदीने ही तुरळक गोष्ट घरोघरी आणली. २०२० मध्येच बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने इतर संस्थांसह मनोविकारांच्या दूरसेवेसाठी वेगळी नियमावलीही काढली.

१७/२२
नियमांचा सारांश असा. डॉक्टरांनी आपले नाव व नोंदणी क्रमांक सांगायचा; तो चिठ्ठीवरही असायला हवा. तुम्ही तुमची ओळख आणि वय खरे सांगायचे. तुम्ही स्वतः कॉल केला तर तुमची संमती गृहीत धरली जाते. दुसऱ्या कोणी तुमच्यासाठी केला तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. दूरसंवाद पुरेसा नाही असे वाटले तर डॉक्टर प्रत्यक्ष बोलावू शकतात; तो त्यांचा निर्णय. अंमली औषधे आणि सवय लावणाऱ्या कित्येक गोळ्या अशा चिठ्ठीवर देता येत नाहीत. म्हणून औषधविक्रेता एखादी गोळी नाकारतो तेव्हा तो दर वेळी अडवणूकच करत असतो असे नाही.

१८/२२
आता माझी चूक. एप्रिलमध्ये व्हिडिओ कॉल ठरला. आमच्या घरी संपर्क फक्त माजघरात मिळे. आई तिथेच तांदूळ निवडत बसली होती. तिला ‘जरा बाहेर जा’ म्हणणे मला जमले नाही. डॉक्टरांनी झोप विचारली, भूक विचारली आणि मग तो प्रश्न विचारला: ‘जीव द्यावा असे विचार येतात का?’ त्या आठवड्यात ते रोज येत होते. तांदळाचा आवाज थांबला होता. मी म्हणालो, ‘नाही, तसं काही नाही.’ कॉल नऊ मिनिटांत संपला. केसपेपरवर माझ्याच शब्दांत एक खोटी ओळ चढली होती आणि ती मी स्वतः लिहवून घेतली होती.

१९/२२
त्या रात्री झोप आली नाही. सकाळी गच्चीवर जाऊन विभागाच्या क्रमांकावर एवढाच निरोप धाडला: ‘काल खरे सांगितले नाही.’ तासाभरात डॉक्टरांचा फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘आत्ता तुमच्याजवळ कोणी आहे का? फक्त हो किंवा नाही म्हणा.’ मी ‘नाही’ म्हणालो आणि रडू लागलो. मग एकेक करून ठरले: दादाला माझ्या संमतीने सांगायचे, गोळ्या त्याच्याकडे ठेवायच्या, आठवड्यातून दोनदा फोन, आणि रात्री अमुक वाटले तर कोणाला उठवायचे. दादा फार बोलला नाही. त्या रात्रीपासून त्याने आपले अंथरूण माझ्या खोलीत आणले. आईला मी पुढे आठवड्याने सांगितले. ती म्हणाली, ‘मला त्या दिवशीच कळलं होतं रे. मीच उठून जायला हवं होतं.’

२०/२२
म्हणून व्हिडिओ किंवा फोनवरून दाखवणाऱ्यांनी हे करावे. आधी जागा ठरवा: गच्ची, शेत, उभी गाडी, मित्राची खोली, जिथे खरे बोलता येईल अशी. कानात इअरफोन घाला, म्हणजे निदान प्रश्न इतरांना ऐकू जात नाहीत. कोणी जवळ असेल तर सुरुवातीलाच सांगा. डॉक्टर हो-नाहीत उत्तरे देता येतील असे प्रश्न विचारतील. आपण कुठे आहोत तो पत्ता आणि विश्वासातल्या एका माणसाचा क्रमांक द्या. संपर्क तुटला तर कोणी कोणाला फोन करायचा ते ठरवा. परवानगीवाचून कोणीही रेकॉर्डिंग करायचे नाही. आणि गंभीर भ्रम, नशेची अवस्था, जिवाला धोका अशा वेळी पडद्यावर विसंबू नका. जवळचे रुग्णालय गाठा. लिथियमसारख्या औषधांना रक्ततपासणी लागते. तीही पडद्यावरून होत नाही.

२१/२२
शेवटचा कायदा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मरण पावले. त्या आघातातून आणि दीर्घ चर्चेतून आलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. तो २०१८ मध्ये लागू झाला. साखळी बांधण्यास त्यात बंदी आहे. उपचार मिळणे, माहिती गुप्त राहणे आणि आपले वैद्यकीय कागद पाहणे हा रुग्णाचा हक्क ठरला. गुप्ततेला जिवाचा धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. पुढे कधी आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर कोणते उपचार करावेत आणि कोणते नकोत, हे प्रौढ व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. आपला प्रतिनिधीही नेमू शकते. अठराच्या आतील मुलांसाठी पालकांचा सहभाग लागतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता, असे हा कायदा गृहीत धरतो. त्याला शिक्षा नव्हे, मदत द्यायची.

२२/२२
१० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा आहे. क्रमांक १४४१६, विनामूल्य, रात्रंदिवस, मराठीतही. जिवावर बेतले असेल तर ११२. हे दोन्ही आत्ताच फोनमध्ये नोंदवून ठेवा, स्वतःसाठी नको असतील तर मित्रासाठी.
माझे म्हणाल, तर पुढे जूनमध्ये बरे वाटल्यावर मी आपल्या मनाने गोळी थांबवली, चक्कर आणि चिडचिडीने आठवडा काढला आणि ओशाळून पुन्हा फोन केला. कोणी रागावले नाही. वर्षभराने गोळी रीतसर उतरवली. वाचता येते आहे. हा धागा हाच त्याचा पुरावा.
गेल्या दिवाळीत आम्ही वंशावळ पुन्हा लिहिली. आजोबांच्या नावाशेजारी एक रेघ काढून दादाने आत्याआजीचे नाव घातले. जन्मसाल आईला ठाऊक होते. मृत्यूचे साल कोणालाच नाही. ते शोधण्यासाठी मी जुने दप्तर पाहायला परवानगीचा अर्ज केला आहे. मिळाले तर त्यावर वेगळा धागा लिहीन.
तोवर, तुमच्यापैकी कोणी रात्री तीनला जागा असेल, तर सकाळी जाऊन केसपेपर काढा. पहिली ओळ तुमची असेल.